पितळेचा नाद

मराठीत 'नाद' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक आवाज आणि दुसरा वेड. घंटेला पहिला असतो, माणसाला दुसरा. सहसा या दोघांची गाठ पडत नाही. पण एकाच वस्तूपायी हे दोन्ही नाद एका जागी नांदताना मी पाहिले आहेत, आणि तेही घरातल्या घरात. ती वस्तू म्हणजे गोल्फचा पटर, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू, अण्णा.

साडू हे नातं मोठं मौजेचं आहे. भाऊ म्हणावं तर रक्ताचा संबंध नाही, मित्र म्हणावं तर निवड आपली नाही. दोघांची सासुरवाडी मात्र एक, त्यामुळे दोघांची दुःखं अगदी सख्खी. अण्णा एका मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते आणि मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. त्यामुळे आमच्या सासऱ्यांचा पंखा बंद पडला की अण्णा तो दुरुस्त करायचे, आणि तो का बंद पडला होता हे मी समजावून सांगायचो. घरात मान कुणाला जास्त होता हे सांगायला नकोच.

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत. अण्णा गोल्फकडे वळले. त्यांच्या एका जुन्या साहेबांनी, "आता माझ्यानं वाकवत नाही," म्हणून आपली काठ्यांची पिशवीच त्यांना देऊन टाकली. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी अण्णा पांढरी टोपी घालून येरवड्याच्या मैदानावर जाऊ लागले. पिशवीत इतर काठ्यांबरोबर एक जुना पितळी पटर होता, 'बुल्स आय' जातीचा. वर्षानुवर्षांच्या वापरानं काळवंडलेला, देवघरातल्या न घासलेल्या समईसारखा. अण्णांचा जीव जडला तो नेमका त्याच्यावर.

ज्यांनी गोल्फ माझ्यासारखाच कुंपणाबाहेरून पाहिला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फ हा आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ. फरक इतकाच, की विटीदांडूत विटी गलीतून बाहेर काढायची असते आणि गोल्फमध्ये चेंडू गलीत घालायचा असतो. नियमानं जास्तीत जास्त चौदा काठ्या जवळ बाळगता येतात. त्यातल्या बहुतेक काठ्या चेंडू लांब धाडण्यासाठी असतात. पटर ही शेवटची काठी. चेंडू हिरवळीवर आला, गल चार-सहा पावलांवर राहिली, की पिशवीतून पटर काढायचा आणि चेंडूला हलकेच ढकलायचं. ऐकायला सोपं वाटतं. गलीचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४२.६७. म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी आत उतरून वर थोडा वारा खेळेल. तरीसुद्धा आठ फुटांवरून जगातल्या अव्वल खेळाडूंचेही जेमतेम निम्मेच चेंडू आत जातात. बहात्तर टोल्यांच्या हिशेबातले छत्तीस टोले एकट्या पटरसाठी धरलेले असतात. दोनशे मीटरांचा जंगी टोला आणि दोन फुटांची हलकी टिचकी, दोन्हींची किंमत एकच! संसारातही असंच असतं. माणूस घर बांधतो, मुलींची लग्नं करतो, आणि बोलणी खातो ती दूध उतू गेलं म्हणून.

तर पहिली तीन-चार वर्षं अण्णा त्या पितळी पटरचं गुणगान करत. "काय सांगू प्रोफेसर, चेंडूला लागला की टिंग होतं! लोण्यातून सुरी जावी तसं हाताला गोड लागतं. पितळ मऊ ना! चेंडू क्षणभर चिकटतो आणि मग सुटतो. त्याला 'फील' म्हणतात. स्टीलला ते येणार नाही."

मी मान डोलवत असे. साडूच्या आनंदात विज्ञान आणू नये, हे मी फार लवकर शिकलो होतो.

पण एके दिवशी अण्णा आले ते चेहरा पाडूनच. "पितळ गेलं," ते म्हणाले.

"चोरीला?"

"चोरीला नव्हे. मेलं. हल्ली चेंडूला लागतो तेव्हा नुसतं टप् होतं. हाताला काही लागतच नाही. इतकी वर्षं ठोके खाऊन धातू थकला. मेटल फटीग!"

इंजिनियर माणसाला दुःख झालं की तो त्याला तांत्रिक नाव देतो. एरवी तुम्हीआम्ही 'जुनं झालं' म्हणून सोडून दिलं असतं.

पुढच्या सहा महिन्यांत अण्णांनी तीन पटर घेतले. एकेकाची किंमत ऐकताना मी उभा होतो तो खुर्चीत बसलो. पहिला घेतला स्टेनलेस स्टीलचा. कारण काय, तर टायगर वुड्सनं आपल्या पंधरा मोठ्या विजेतेपदांपैकी चौदा ज्या पटरनं मिळवली, तो जर्मन स्टेनलेस स्टीलचा आहे. "जर्मन?" आमची ही म्हणाली. "अहो, मग एवढे पैसे कशाला घातलेत? जुन्या बाजारात जर्मनची पातेली किलोवर मिळतात." आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी का म्हणतात हे अण्णा तिला समजावून सांगू लागले, आणि त्या नादात त्यांना आठवलं की ॲल्युमिनियमचाही पटर असतो. तो दुसरा. तिसरा होता तो पोलादीच, पण कपाळावर मऊ प्लास्टिकचा तुकडा बसवलेला. थंड पाण्याची पट्टी ठेवल्यासारखा.

तिन्ही पटरांबद्दल अण्णांचा निकाल एकच: टप्.

शेवटी ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तुम्ही पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत. आता एकच सांगा. पटरच्या धातूचा खेळावर परिणाम होतो की नाही?"

आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांनी मला पंखा बंद पडण्याआधी विचारलं होतं. मी नीट अभ्यास करून उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी इतिहास चाळला. म्हटलं, एखादा धातू खरोखरच श्रेष्ठ असेल तर अजिंक्यवीरांनी तो केव्हाच हुडकला असेल. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन खेळाडू इंग्लंडात सँडविच इथे गेला आणि तिथली हौशी खेळाडूंची मानाची स्पर्धा जिंकून आला. त्याच्या हातातला 'स्केनेक्टडी' पटर ॲल्युमिनियमचा होता. (हा पटर काढणारा गृहस्थही इंजिनियरच. हे ऐकून अण्णा जरा सुखावले.) पुढे १९१० मध्ये इंग्रजांच्या नियमकर्त्यांनी तसल्या पटरवर बंदी घातली ती थेट १९५१ पर्यंत. पण तिचं कारण धातू नव्हे, तर दांडा डोक्याच्या मधोमध बसवला होता हे. म्हणजे भांडण वरातीचं आणि शिक्षा नवरदेवाला. १९३० साली बॉबी जोन्सनं एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या लोखंडी पटरनं. त्याचं नाव 'कॅलॅमिटी जेन', म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं 'अवदसा'. १९८६ मध्ये जॅक निकलसनं वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या हातात ॲल्युमिनियमचा भलामोठा पटर होता. आणि खुद्द टायगर वुड्सनं १९९७ ची मास्टर्स तब्बल बारा टोल्यांच्या फरकानं मारली, तेव्हा त्याच्या पटरच्या तोंडावर तांब्याच्या मिश्रधातूचा तुकडा होता. जर्मन स्टील नंतर आलं.

ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, पोलाद. सगळेच जिंकलेले! धातूंची ही यादी मोडीवाल्याच्या पाटीसारखी दिसत होती. त्यातून विजयाचा धातू काढायचा म्हणजे पत्रिकेतून परीक्षेचा निकाल काढण्यासारखं होतं.

मग विज्ञानाकडे वळलो. "हे बघा अण्णा," मी म्हणालो, "चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. पटरच्या डोक्याचं साडेतीनशेच्या आसपास. या दोघांची भेट किती वेळ होते? सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. या भेटीत दबतं कोण? चेंडू. कारण तो पडला रबराच्या जातीचा. त्याच्यापुढे पितळही कडक, पोलादही कडक आणि ॲल्युमिनियमही कडकच. पोळपाट सागवानी असो की संगमरवरी, दबते ती कणीकच. पितळ मऊ म्हणता, ते पोलादाशी तुलना केली तर. चेंडूच्या दृष्टीनं सगळ्या भिंती सारख्याच."

"पण हाताला लागतं ते?"

"हाताला लागलेलं मेंदूला कळायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. तोवर चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. गाडी सुटल्यावर फलाटावर रुमाल हलवतात ना, तसं हे तुमचं फील. गाडीला त्याचा काही उपयोग नाही."

अण्णा हिरमुसले. मला वाईट वाटलं, म्हणून धातूच्या बाजूनंही जे बोलण्यासारखं होतं ते बोललो. ॲल्युमिनियमची घनता २.७, पितळेची साडेआठच्या घरात. साडेतीनशे ग्रॅमचं डोकं पितळेचं केलं तर ते एक्केचाळीस घनसेंटिमीटरांत आटपतं, ॲल्युमिनियमचं केलं तर एकशेतीस लागतात. म्हणजे हलका धातू घेतला की त्याच वजनात डोकं मोठं करता येतं, आणि वजन कडेकडेला पसरता येतं. मग चेंडू मधोमध न लागता थोडा बाजूला लागला तरी पटर हातात कमी वळतो. हा फायदा खरा आहे. पण तो आकाराचा. धातू फक्त त्या आकाराला परवानगी देतो. तोंडावर मऊ तुकडा लावला तर चेंडू किंचित मंद सुटतो हेही खरं. दहावीस चेंडू मारले की हात तो हिशेब आपोआप जुळवून घेतो.

"म्हणजे इतकी वर्षं मला जो फरक कळत होता तो सगळा भ्रम?" अण्णांचा आवाज चढला.

"भ्रम मुळीच नाही. फरक होता. फक्त तो हातात नव्हता. कानात होता."

या मुद्द्याला माझ्याकडे भक्कम साक्षीदार होता. कार्स्टन सोलहाइम नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक इंजिनियर अमेरिकेत नोकरी करत असे. गोल्फ खेळू लागला आणि पटरनं त्याला रडकुंडीला आणलं. तेव्हा १९५९ मध्ये त्यानं स्वतःच एक पटर बनवला. वजन दोन टोकांना, मधे पोकळ. चेंडूला लागला की तो 'पिंग' असा वाजे. झालं, त्यानं पटरचं नाव ठेवलं 'पिंग', आणि पुढे कंपनीचंही तेच. १९६६ मध्ये त्यानं आणखी एक पटर काढला, मँगनीज ब्राँझचा. बायकोनं सुचवलं, याचं नाव 'आन्सर' ठेवा. इंग्रजी स्पेलिंग त्यावर मावेना, तेव्हा तीच म्हणाली की मधलं एक अक्षर गाळा. ते गाळलेलं आजतागायत गाळलेलंच आहे. आज जगात जे पटर दिसतात त्यातल्या असंख्यांचा घाट त्या 'आन्सर'वरून उचललेला आहे. मला यातली गंमत अशी वाटते, की माणसानं खटपट केली चेंडू गलीत जावा म्हणून, आणि नाव दिलं ते आवाजाचं. २००५ मध्ये इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनीही आपला निष्कर्ष छापला, की गोल्फच्या टोल्याचं 'फील' खेळाडूला कसं वाटतं याचा त्याच्या आवाजाशी घट्ट संबंध असतो.

खरं तर हे कळायला विद्यापीठाची काय गरज? आपली आजी कुंभाराकडून मडकं घेताना टिचकी मारून घ्यायची. आजोबा बंदा रुपया दगडावर वाजवून पारखायचे. आपल्याकडे माणूससुद्धा चांगला असला की 'खणखणीत' असतो. वस्तूचं अंतरंग कानानं ओळखायचं, ही आपली जुनी रीत. पितळ वेगळं वाजतं, पोलाद वेगळं वाजतं, ॲल्युमिनियम वेगळं. त्यात पुन्हा डोकं जाड की पातळ, मधे खाच आहे की नाही, यानं आवाज बदलतो तो आणखीच. मेंदू मात्र हाताकडून आलेलं आणि कानाकडून आलेलं एकाच पातेल्यात ढवळतो आणि म्हणतो, "वा! हाताला काय गोड लागलं!"

अण्णांना हे पटलं नाही. इंजिनियरला युक्तिवाद पटत नाही, चाचणी लागते. मग चाचणीच घ्यायची ठरली. त्यांच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर दहा फुटांवर एक वाटी आडवी ठेवली. अण्णांच्या डोळ्यांना ताईंची ओढणी बांधली. मी चार पटरांपैकी एक त्यांच्या हातात द्यायचा, चेंडू पुढ्यात ठेवायचा. त्यांनी मारून धातू ओळखायचा. बारा टोले. नोंद ठेवायला मी. ताई आणि आमची ही आत स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

पहिला टोला. "स्टील," अण्णा म्हणाले.

"पितळ!" आतून ताईंचा आवाज आला.

मी हातातल्या पटरकडे पाहिलं. पितळच होतं.

दुसरा टोला. "पितळ," अण्णा म्हणाले. आतून आवाज, "जर्मनचं आहे हो ते!" बरोबर. तिसरा. "स्टील," ताई म्हणाल्या. बरोबर. चौथ्याला त्या क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, "हे कसलं बाई? रबरी चप्पल पडल्यासारखं?" तो प्लास्टिकच्या पट्टीचा होता.

बाराच्या बारा टोले ताईंनी भिंतीपलीकडून, मटार सोलता सोलता, बरोबर ओळखले. त्यांनी जन्मात पटर हातात धरला नव्हता. पण चाळीस वर्षं मोरीत भांडी आपटणाऱ्या चार मोलकरणींवर दिवाणखान्यातून लक्ष ठेवलं होतं. अण्णांचे बारातले तीन बरोबर आले. चार पटर आणि बारा टोले म्हटल्यावर, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं तरी तीन बरोबर येतातच.

अण्णांनी ओढणी सोडली. पितळ उघडं पडलं होतं, पण पटरचं नव्हे. पटर पूर्वीसारखाच टिंग वाजत होता. मला ऐकू येत होता, ताईंना दोन खोल्यांपलीकडे ऐकू येत होता. ऐकू येत नव्हता तो फक्त त्याच्यावर वाकून उभ्या असलेल्या माणसाला.

त्या संध्याकाळी ताईंनी आमच्या हिला एकेक गोष्टी सांगितल्या. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो बिचारा पिकपिक करत बसतो, यांना पत्ता नसतो. सकाळचा गजर ताईच बंद करतात. आणि मुलीची मुलगी, पाच वर्षांची, दर रविवारी फोन करते. अण्णा दोन वाक्यं बोलतात आणि फोन ताईंकडे देतात. "पोरगी हल्ली पुटपुटते," म्हणतात, "आईबापांनी तिला स्पष्ट बोलायला शिकवायला हवं." पोरीनंही मग गेले दोन रविवार आजोबांना मागितलंच नव्हतं. "आजोबा माझ्याशी बोलत नाहीत," म्हणाली होती.

पितळ थकलं होतं, फ्रिज बिघडला होता, नात पुटपुटत होती. अण्णांच्या भोवतालच्या सगळ्या जगाचं काही ना काही नादुरुस्त झालं होतं. अण्णांचे कान तेवढे शाबूत होते.

आता हे त्यांना सांगायचं कुणी? चष्म्याचं सोपं असतं. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो. कानात यंत्र घातलं की नुसताच म्हातारा दिसतो. अण्णांच्या टेबलावर तर तांब्याच्या पटरचं एक चित्र कापून ठेवलेलं मी पाहिलं होतं. पाचवा पटर घेणं त्यांना सोपं होतं. महाग, पण सोपं.

मी दोन दिवसांनी गेलो. चहा झाला. म्हटलं, "अण्णा, कारखान्यात एखाद्या मोजमापात एकाएकी फरक दिसायला लागला, सगळ्याच नगांमध्ये सारखा, तर तुम्ही आधी काय तपासायचात? नग, की मोजायचं यंत्र?"

"यंत्र," ते तत्काळ म्हणाले. "कॅलिब्रेशन. कुणीही शिकाऊ पोर सांगेल."

"चार पटर, चार धातू. चारही एकसारखे टप्."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग कपबशी खाली ठेवून त्यांनी हलकेच विचारलं, "नात पुटपुटत नाही तर?"

पटरबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

तपासणीला मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी कानांचा आलेख काढून दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांना, लोणावळ्यापर्यंतच्या रस्त्यासारखा सपाट. उजवीकडे, वरच्या सुरांना, एकदम खंडाळ्याचा घाट. वय झालं की बहुधा असंच होतं म्हणे. आधी वरचे सूर जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, म्हणून त्याला वाटतं की सगळंच ऐकू येतं. पण 'स' आणि 'श' सारखी अक्षरं, लहान मुलांची बारीक बोली, पाखरं, धातूची किणकिण हे सगळे राहतात घाटाखाली. हे इतकं हळूहळू जातं की गेल्याचा आवाज होत नाही. आणि झाला असता तरी तो ऐकू आला नसता.

कानांत यंत्रं बसवून अण्णा घरी आले ते चपला न काढताच आत गेले आणि पितळी पटर घेऊन सतरंजीवर उभे राहिले. एक चेंडू मारला. टिंग. चेंडू वाटीच्या चांगला हातभर बाजूनं जाऊन सोफ्याखाली गेला. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा एक मारला. टिंग. ताई दारात उभ्या होत्या. कुणी काही बोललं नाही. त्या रविवारी नातीचा फोन चाळीस मिनिटं चालला आणि दोनदा गरम केलेला चहा पुन्हा गार झाला.

आता वाचक विचारतील की खेळ सुधारला का? मी स्वतः मोजून पाहिलं आहे. सतरंजीवर चार फुटांवरून दहातले पाच चेंडू पूर्वीही वाटीत जात, आताही पाचच जातात. अण्णांना मात्र विचाराल तर ते छातीवर हात ठेवून सांगतील की पितळेसारखा धातू नाही. मी वाद घालत नाही. चेंडूला धातू कळत नाही हे मी सिद्ध करून देऊ शकतो. पण पहाटे साडेपाचला उठून मैदानावर चेंडू जात नाही, अण्णा जातात. आणि त्यांना उठवायला ते टिंग पुरेसं आहे. शिवाय उठवायला आता गजरही आहे.

गेल्या दिवाळीत ताईंनी घरातली पितळी भांडी घासायला काढली. समई, ताम्हण, पळीपंचपात्री, आणि त्यांच्याच पंक्तीत पटर. चिंच आणि मीठ लावून असा लखलखीत केला की लक्ष्मीपूजनाला ठेवावा. अण्णांनी कपाळाला हात लावला. त्या काळवटीला जाणकार लोक किती जपतात, यावर त्यांनी एक व्याख्यान दिलं. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला त्याची लाज वाटत होती."

पुढच्या रविवारी अण्णा मैदानावरून आले. मी विचारलं, "काय, कसं झालं आज?"

"कसलं होतंय!" ते पिशवी आपटत म्हणाले. "एकही आत गेला नाही. पटर उन्हात इतका चकाकतो की डोळ्यांवर तिरीप येते. समोरची गल धड दिसत नाही, सगळं धुरकट धुरकट. ते काही नाही, काळ्या मुलाम्याचा एक पटर मी बघून ठेवलाय."

आतून ताईंचा आवाज आला. आता तो अण्णांनाही स्वच्छ ऐकू आला.

"मी म्हणते, त्याआधी एकदा डोळे तपासून घ्या!"